दाढ ठणकण्याआधी: डेंटिस्ट शोधताना आणि दात दाखवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. निम्मा दिवस खुर्चीशेजारी लाळ ओढायची नळी धरून जातो, निम्मा फोनवर. खालचे बहुतेक प्रश्न फोनवरचेच आहेत, शब्द तेवढे थोडे झाडूनपुसून घेतलेत. उत्तरं डॉक्टरांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेली. अर्थात वाचून तोंड तपासून होत नाही, ते दाखवावंच लागतं.

डेंटिस्ट शोधायचा कधी?

काही दुखत नसताना. रात्री दोन वाजता ठणका सुरू झाला की सकाळी जो दवाखाना आधी उघडेल त्याच्या पायरीवर माणूस जाऊन बसतो. चौकशी, तुलना, दुसरं मत यांतलं काही सुचत नाही. "काढून टाका, पण हे थांबवा" एवढंच तो सांगतो. अशा कितीतरी दाढा वाचण्यासारख्या असतात. एकदा साध्या तपासणीसाठी जाऊन आलात तर निदान माणूस कसा आहे ते कळतं, आणि तुमची फाइल तयार राहते.

जवळचा बघू की लांबचा नावाजलेला?

रोजच्या कामांसाठी जवळचा. दातांचं काम एका फेरीत क्वचितच संपतं. रूट कॅनाल, मग कॅपचं माप, मग कॅप बसवणं, मग ती चावताना उंच लागते म्हणून पुन्हा एक चक्कर. तारा लावल्या तर वर्ष-दोन वर्षं दर महिन्या-दीड महिन्याला जावं लागतं. लांबच्या दवाखान्यात लोक पहिल्या तीन वेळा उत्साहाने जातात आणि चौथ्या वेळी काम अर्धवट सोडतात. अवघड शस्त्रक्रिया असेल तर मात्र लांब जायला हरकत नाही.

डॉक्टर चांगला आहे हे बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं?

सगळ्यात आधी नोंदणी. दंतवैद्यकाचा परवाना देणारी अधिकृत परिषद किंवा मंडळ बहुतेक देशांत असतं. नोंदणी क्रमांक विचारण्यात काही उद्धटपणा नाही. रीतसर डॉक्टर तो भिंतीवर लावूनच ठेवतो.

मग निर्जंतुकीकरण. खुर्चीत बसल्यावर समोरच्या ट्रेकडे बघा. हत्यारं सीलबंद पाकिटातून तुमच्यादेखत निघायला हवीत. या पाकिटाला एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला पारदर्शक प्लास्टिक असतं, कडेला छोटी खूण असते. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, गेलं की त्या खुणेचा रंग बदलतो. ऑटोक्लेव्ह साधारण १२१ अंशांना १५ ते २० मिनिटं किंवा १३४ अंशांना ३ ते ४ मिनिटं चालतो. रंग बदललेला म्हणजे पाकीट आत जाऊन आलंय. आतलं यंत्र नीट चाललं का हे दवाखान्याला वेगळं तपासावं लागतं, पण सुरुवात इथून होते. आमच्याकडे एक आजोबा दर वेळी चष्मा पुसून ती खूण बघतात. मला त्यांचा कधीच राग आला नाही. हातमोजे घालून फोन उचलायचा आणि त्याच हाताने तोंडात जायचं, असं कुठे दिसलं तर मात्र सरळ उठा.

तिसरी गोष्ट म्हणजे विचारपूस. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करायच्या गोळ्या, कसली अ‍ॅलर्जी, हे न विचारता जो थेट ड्रिल उचलतो त्याला घाई आहे. आणि चौथी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: तो तुम्हाला दाखवतो का? हातात आरसा देऊन, एक्स-रे समोर धरून "हा बघा काळा भाग, हा इथपर्यंत गेलाय" असं सांगणारा डॉक्टर निवडावा. उपाय किती आहेत, काहीच केलं नाही तर काय होईल, प्रत्येकाला खर्च किती, हे तो काम सुरू करण्याआधी सांगेल. लेखी मागितलंत तर कुरकुर न करता देईल.

लोकांचे ऑनलाइन अभिप्राय वाचा, पण त्यांतून बहुधा रिसेप्शनवरची मुलगी हसून बोलली की नाही एवढंच कळतं. (तक्रार नाही, त्या मुलीच्या जागी मीच असते.)

एकदम आठ दात किडलेत म्हणाले. खरं मानू का?

मानाल किंवा नाही, आधी बघा. प्रत्येक दाताचं नाव घेऊन दाखवायला सांगा. आठ दात किडू शकतात, तसं घडतंही. पण दातावरचा प्रत्येक काळा ठिपका कीड नसते. काही नुसते डाग असतात आणि काही कीड जागच्या जागी थांबलेली असते, ती नुसती नजरेखाली ठेवली तरी चालते. एक्स-रेची प्रत मागून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जा. पहिल्याचं मत आधी सांगू नका, नाहीतर दुसराही त्याच वाटेने बघतो. ठणका आणि सूज नसेल तर पंधरा दिवसांत काही बिघडत नाही.

कुठल्या स्पेशालिस्टकडे जायचं?

आधी साध्या डेंटिस्टकडेच. गरज पडली तर तो पाठवतो: अवघड रूट कॅनालला एन्डोडॉन्टिस्ट, हिरड्यांना पेरिओडॉन्टिस्ट, तारांना ऑर्थोडॉन्टिस्ट, लहान मुलांना पेडोडॉन्टिस्ट, कॅप-कवळीला प्रोस्थोडॉन्टिस्ट आणि आडव्या अक्कलदाढेला ओरल सर्जन. "हे माझ्याच्याने नीट होणार नाही, अमक्याकडे जा" म्हणणाऱ्यावर विश्वास वाढायला हवा. लोकांचा कमी होतो.

दर सहा महिन्यांनी जायलाच हवं का?

सगळ्यांना एकच मोजमाप नाही. दात-हिरड्या ठणठणीत असतील तर डॉक्टर वर्षानेही बोलावतात. मधुमेह, तंबाखू, कोरडं तोंड किंवा वारंवार लागणारी कीड असेल तर तीन-चार महिन्यांनीच.

एक्स-रेची भीती वाटते.

जर्मन दंतवैद्य ओटो वॉलखॉफ यांनी जानेवारी १८९६ मध्ये स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला, तेव्हा फोटोची काच तोंडात धरून २५ मिनिटं पडून राहावं लागलं होतं. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा काही आठवडेच झाले होते. आता हे काम सेकंदाच्या अंशात होतं. एका छोट्या डिजिटल एक्स-रेतून मिळणारं रेडिएशन जमीन-हवा-आकाशातून आपल्याला रोज आपोआप मिळतं, साधारण तेवढंच किंवा त्याहून कमी असतं. दोन दातांच्या मधली कीड आणि मुळाशी साठलेला पू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो काढतात. गरोदर असाल तर आधी सांगा, एवढंच.

दाताला कीड लागते म्हणजे आत खरंच किडा असतो का?

नसतो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आपल्या भाषेतच तो किडा बसलाय. हजारो वर्षं जगभर लोक असंच मानत होते. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये ही कल्पना खोडून काढली, आणि खरी यंत्रणा १८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर यांनी मांडली: तोंडातले जिवाणू साखर-पिष्ट खातात, आम्ल सोडतात आणि ते आम्ल दात विरघळवतं.

दातावरचं कवच, इनॅमल, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. पण तोंडातला पीएच (आम्लपणाचं मोजमाप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की त्यातलं खनिज सुटायला लागतं. लाळ आम्ल धुऊन ते खनिज परत बसवते, पण तिला त्यासाठी अर्धा तास तरी लागतो. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे मोठं. एका बैठकीत खाल्लेलं गोड दाताला एकदा झोडपतं. तेच दिवसभर चघळत राहिलात तर लाळेला डोकं वर काढायला सवडच मिळत नाही.

अगदी सुरुवातीची कीड काळी नसते, खडूसारखी पांढुरकी असते. त्या टप्प्यावर फ्लोराइड आणि नीट घासण्याने ती मागे फिरू शकते. एकदा खड्डा पडला की तो भरावाच लागतो, दाताला त्वचेसारखं भरून येता येत नाही.

मग इतकी कीड होईपर्यंत दुखलं का नाही?

कारण इनॅमलमध्ये नस नसते. कीड तिथे महिनोन्महिने काम करते आणि तुम्हाला पत्ता नसतो. आतल्या डेंटिनमध्ये गेली की थंड-गोड झोंबतं, आणि त्याच्या आतल्या पल्पला, म्हणजे नसेला, लागली की ठणका.

थंड लागलं की सळक येते. रूट कॅनालच करावं लागेल का?

सळक किती वेळ टिकते ते सांगा, अर्धं निदान तिथेच होतं. थंड पाणी तोंडातून गेल्यावर दोन-चार सेकंदांत शांत झालं तर बहुधा हिरडी मागे सरकून मूळ उघडं पडलंय, चुकीच्या घासण्याने दात झिजलाय किंवा छोटी कीड आहे. सेन्सिटिव्हिटीची पेस्ट, फ्लोराइड किंवा सिमेंट भरून भागतं. पेस्टला परिणाम दाखवायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. लोक दोन दिवसांत ट्यूब बदलतात.

पाणी गेल्यावरही दुखणं मिनिटभर रेंगाळतं, रात्री आडवं झालं की वाढतं, झोपेतून उठवतं, असं असेल तर नस सुजली आहे. ती कडक दातात कोंडलेली, तिला फुगायला जागा नाही, म्हणून तो जीवघेणा ठणका.

तिसराही प्रकार असतो: चावताना नाही, तर चावून दात सोडताना चमक येते. अशा वेळी दाताला बारीक तडा आहे का ते बघतात.

रूट कॅनाल फार दुखतं म्हणे?

दुखतं ते रूट कॅनालच्या आधी. रूट कॅनाल ते दुखणं थांबवण्यासाठी करतात. दाढेत साधारण तीन-चार बारीक नळ्या असतात. भूल देऊन त्यांतली सडलेली नस काढतात, केसांसारख्या बारीक फाइल्सनी नळ्या साफ करतात, औषधाने धुतात आणि गटापर्चा नावाच्या, झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या, पदार्थाने बंद करतात. डॉक्टर फाइल आत घालतात तेव्हा एक छोटं यंत्र टुक-टुक वाजतं आणि टोक जवळ आलं की आवाज घाईचा होतो. पेशंट दचकतो. ते नळीची लांबी मोजणारं यंत्र असतं, धोक्याची घंटा नव्हे.

एक खरं सांगते. पू भरपूर झाला असेल तर तिथली जागा आम्लधर्मी होते आणि भूल नीट चढत नाही. "मला भुलीचं इंजेक्शन लागतच नाही" म्हणणारे बरेचजण उशिरा आलेले असतात. तेव्हा डॉक्टर वेगळ्या जागी भूल देतात किंवा आधी पू काढून देतात. दुखलं की हात वर करायचा, असं आधी ठरवून घ्या.

नंतर एक-दोन दिवस चावताना ठुसठुस राहते. आणि दाढेला कॅप टाळू नका. पोखरलेली दाढ दुखायची थांबते, म्हणून माणूस कॅप पुढे ढकलतो आणि एक दिवस काहीतरी चावताना दाढ उभी चिरते. मग काढण्यावाचून इलाज राहत नाही.

घरात अँटिबायोटिकच्या गोळ्या आहेत. घेऊ का?

नका. नस सुजलेली असेल तर त्या ठणक्यावर काहीच करत नाहीत. पू असेल तरी मूळ कारण दातात बसलेलं, ते काढावंच लागतं. सूज पसरत असेल किंवा ताप असेल तेव्हा डॉक्टर त्या जोडीला देतात. रात्र काढायला तुम्हाला चालणारी नेहमीची वेदनाशामक गोळी पाकिटावरच्या मात्रेत घ्या आणि डोक्याखाली उशी जास्त ठेवा. अ‍ॅस्पिरिन हिरडीवर ठेवू नका, कातडं भाजतं. पांढरा झालेला गाल घेऊन माणसं येतात. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल खरंच बधिर करतं, दवाखान्यातल्या एका जुन्या सिमेंटमध्येही ते असतं. कापसावर एखादा थेंब, तोही दातावर, हिरडीवर नाही.

हिरड्यांतून रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावत नाही. बरोबर ना?

उलटं झालं. दात-हिरडीच्या सांध्यात साठलेला चिकट थर काढला जात नाही म्हणून हिरडी सुजते, सुजली म्हणून रक्त येतं. तिथेच, पण हलक्या हाताने, मऊ ब्रशने घासा. बऱ्याचदा आठ-दहा दिवसांत रक्त कमी होतं. या टप्प्यावरची सूज पूर्ण बरी होते. दुर्लक्ष केलं तर आतलं हाड झिजतं, आणि झिजलेलं हाड आपोआप परत येत नाही. मधुमेह आणि हिरड्यांचं तर दोन्हीकडून वैर: साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात यायला त्रास देते. तंबाखू-सिगारेटवाल्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे त्यांना सगळं ठीक वाटतं.

स्केलिंगने, म्हणजे मशीनने कीटण काढल्याने, दात हलायला लागतात ना?

हा फोन आठवड्यातून एकदा असतो. कीटण दगडासारखं कडक होतं, ब्रशने निघत नाही. वर्षानुवर्षं साठलं की खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला त्याची सलग भिंत होते, आणि हाड गेलेले दात त्या भिंतीच्या आधाराने उभे असतात. भिंत काढली की ते हलताना जाणवतात, मध्ये फटी दिसतात. मोकळे ते आधीच झालेले असतात. मशीनचं टोक कंप पावून कीटण सोडवतं, इनॅमल खरवडत नाही. थोडे दिवस थंड लागतं, मग बसतं.

वरचा दात काढला की नजर कमी होते?

नाही.

दाढ काढल्यावर काय सांभाळायचं?

त्या खड्ड्यातली रक्ताची गाठ. कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरा, दर दोन मिनिटांनी काढून बघू नका. पहिला दिवस चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही, सिगारेट तर नाहीच. भूल उतरेपर्यंत गरम काही नको. लहान मुलं बधिर ओठ चावून ठेवतात, त्यांच्यावर नजर ठेवा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळू चुळा. दोन-चार दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी कानापर्यंत ठणकायला लागलं तर गाठ निघून हाड उघडं पडलेलं असू शकतं. लगेच जा, औषधाची पट्टी ठेवली की खूप आराम पडतो.

अक्कलदाढ काढलीच पाहिजे का?

सरळ उगवली, घासता येते, त्रास नाही, तर राहू दे. आडवी अडकून शेजारच्या दाढेला किडवत असेल किंवा तिच्यावरची हिरडी वारंवार सुजत असेल तर काढतात.

दुधाचे दात पडणारच, मग भरायचे कशाला?

शेवटच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर मुलाने ठणका सोसायचा का? शिवाय दाढ लवकर काढली की शेजारचे दात जागेत सरकतात आणि खालून येणारा पक्का दात वाकडा येतो.

आणखी एक, हे बऱ्याच आई-वडिलांना ठाऊक नसतं: सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक दाढ गुपचूप येते. तिच्या जागी कुठला दात पडलेला नसतो, म्हणून ती दुधाची समजली जाते. ती पक्की आहे, जन्मभराची. तिच्या खाचा खोल असतील तर डॉक्टर त्यांत सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ थर, भरतात.

पहिला दात आला की ब्रश सुरू करा आणि वर्षाच्या आत एकदा दाखवा. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर फेस थुंकायचा, खळखळून चूळ भरायची नाही, मोठ्यांनीसुद्धा.

पडल्यामुळे पक्का दात मुळासकट निघून आला. काय करू?

आधी धावा, मग वाचा. दात पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. मळला असेल तर दुधाने किंवा वाहत्या पाण्याने काही सेकंद धुवा, घासू नका. धीर होत असेल तर त्याच जागी परत बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरा. नाहीतर थंड दुधात टाका. कोरड्या कागदात गुंडाळू नका, पाण्यातही ठेवू नका. अर्ध्या तासात पोहोचलात तर फार बरं, तासाच्या पुढे आशा उतरत जाते. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही, पण मुलाला दाखवा.

गरोदरपणात दात दाखवावे का?

जरूर. तेव्हा हिरड्या जास्त सुजतात. ठरवून करायच्या कामांना चौथा ते सहावा महिना सोयीचा, पण पू किंवा ठणका असेल तर कुठल्याही महिन्यात थांबू नका.

चालू औषधं सांगायलाच हवीत का?

सगळी. विशेषतः रक्त पातळ करायच्या आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेल्या. आणि कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करून येऊ नका. एक बाई दात काढायचा म्हणून हृदयाची गोळी चार दिवस सोडून आल्या होत्या, डॉक्टरांनी आधी त्यांना हृदयाच्या डॉक्टरकडे धाडलं.

कुठल्या गोष्टीसाठी उद्यापर्यंतही थांबू नये?

सूज जबड्याखाली, गळ्याकडे किंवा डोळ्याकडे पसरतेय, गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, श्वासाला त्रास होतोय: दातांचा दवाखाना नव्हे, थेट मोठं इस्पितळ. चालल्यावर किंवा जिना चढल्यावर खालच्या जबड्यात दुखतं, सोबत छातीत दडपण किंवा घाम, तेव्हाही तेच. ते दुखणं दाताचं नसून हृदयाचं असू शकतं.

आणि घाई नसली तरी टाळू नये असं: तोंड आलं म्हणून सोडून दिलेला फोड दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, किंवा पांढरा-लाल चट्टा तसाच राहिला. तो दुखत नसेल तर जास्तच लवकर दाखवा.

दोन दिवस खूप ठणकलं, आज एकदम थांबलं. अपॉइंटमेंट रद्द करू?

हा फोन बहुधा सकाळी येतो आणि आवाजात सुटकेचा आनंद असतो. करू नका. नस सुजलेली असताना दुखते. ती मेली की शांत होते. आतले जिवाणू मात्र तिथेच असतात आणि हळूहळू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. पुढचा फोन काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येतो, तेव्हा गाल सुजलेला असतो. तुमची वेळ मी खोडत नाही, तशीच ठेवते.